मोजतो ते मोठे कण, बाधतात ते लहान: प्लॅस्टिक आणि समुद्रातलं सूक्ष्मशैवाल

पावसाळ्यात गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाजवळचं पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर स्केलेटोनेमा नावाचं शैवाल त्यात बहुधा सापडतंच. याची एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाएवढी. तिच्याभोवती सिलिकाचं पारदर्शक कवच असतं आणि सिलिकाच्याच बारीक काड्यांनी ती शेजारच्या पेशीशी जोडलेली असते, त्यामुळे लांब साखळ्या दिसतात. नद्यांनी आणलेली पोषकद्रव्यं आणि मधल्या उघडिपीतलं ऊन मिळालं की या साखळ्या झपाट्याने वाढतात. दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मांडवी-झुआरीच्या पाण्यातल्या या शैवालाचे मोसमी चढउतार बारकाईने नोंदवले आहेत.

प्लॅस्टिकचे बारीक कण सागरी शैवालाला काय करतात हे तपासायला जगातल्या ज्या प्रयोगशाळांनी सुरुवात केली, त्यांच्यापैकी काहींनी नेमकं हेच शैवाल निवडलं. प्रयोगशाळेत ते चांगलं वाढतं आणि जगभरच्या किनाऱ्यांवर सापडतं, म्हणून. तेव्हा चीनमधला किंवा इटलीतला प्रयोग असला, तरी तो आपल्या किनाऱ्यावरच्याच एका रहिवाशाबद्दल बोलतो आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

सूक्ष्मशैवाल म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, बहुतेक करून एकपेशीय, सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करणाऱ्या वनस्पती. वनस्पतिप्लवक हे त्यांचं दुसरं नाव. स्केलेटोनेमासारखी सिलिकाचं कवच असलेली ती डायटम. शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारी ती डायनोफ्लॅजेलेट. आणि सगळ्यात लहान, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही छोटा, प्रोक्लोरोकॉकस हा जिवाणू. तो काटेकोरपणे शैवाल नाही, पण काम तेच करतो. पृथ्वीवरच्या सगळ्या प्रकाशसंश्लेषी जीवांचं वजन केलं तर या मंडळींचा वाटा एक टक्काही भरणार नाही. तरीही पृथ्वीवर दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापैकी जवळपास निम्मं तेच बनवतात. याचं कारण त्यांचा वेग. झाड वर्षानुवर्षं खोड सांभाळत उभं राहतं, तर शैवालाची पेशी दिवसाला एकदा दुभंगते आणि बहुतेकदा आठवड्याच्या आत कुणाच्या तरी पोटात जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण प्लॅस्टिकवरच्या लिखाणात तो वारंवार येतो. ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो, शैवाल मेलं तर आपण गुदमरू’ असं सांगितलं जातं. शैवाल प्रचंड ऑक्सिजन तयार करतं हे खरं, पण त्यातला जवळजवळ सगळा समुद्रातल्याच जीवांच्या श्वसनात आणि मेलेलं सेंद्रिय द्रव्य कुजण्यात खर्च होतो. हवेतला ऑक्सिजनचा साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे आणि तो असा सहज संपणार नाही. भीती दाखवायला हे वाक्य सोयीचं असलं, तरी त्यामुळे खरी काळजी झाकली जाते. ती काळजी दोन गोष्टींची आहे: माशांचं अन्न, आणि समुद्राच्या तळाशी जाणारा कार्बन.

अन्नाचं उदाहरण आपल्या ताटातलंच घ्या. तारली डायटम आणि प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) कल्ल्यांच्या जाळीने गाळून खाते. १९५५ साली नायर आणि सुब्रह्मण्यन या दोन शास्त्रज्ञांनी मलबार किनाऱ्यावरच्या नोंदींवरून दाखवून दिलं होतं, की फ्रॅजिलारिया ओशियानिका हे एक विशिष्ट डायटम पाण्यात भरपूर झालं की तारलीही भरपूर येते. म्हणजे पाण्यात ‘कुठलं तरी’ शैवाल असून भागत नाही, कुठलं आहे यालाही महत्त्व आहे. प्लॅस्टिकच्या संदर्भात हा मुद्दा पुढे फार मोठा होतो.

आता कणांकडे वळू. ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. प्लवक गोळा करणाऱ्या उपकरणांनी १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेले नमुने त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे तंतू सापडले आणि काळाबरोबर ते वाढलेले दिसले. पुढे पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक, अशी व्याख्या स्थिरावली. एक मायक्रोमीटरपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान कणांना नॅनोप्लॅस्टिक म्हणतात.

या व्याख्येत सगळा घोळ दडलेला आहे. पाच मिलिमीटरचा दाणा आणि एक मायक्रोमीटरचा कण यांत पाच हजारपटींचा फरक आहे, आणि आपण दोघांनाही एकच नाव देतो. शैवालाच्या दृष्टीने ते पूर्णपणे वेगळे पदार्थ आहेत. अख्खी सुपारी तोंडात ठेवली तर बराच वेळ काही चव लागत नाही. तीच कातरली की लगेच लागते, कारण तितक्याच सुपारीचा कितीतरी जास्त पृष्ठभाग उघडा पडतो. एक मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा दाणा फुटून त्याचे एकेक मायक्रोमीटरचे कण झाले, तर एका दाण्याचे शंभर कोटी कण होतात आणि एकूण पृष्ठभाग हजारपट वाढतो. प्लॅस्टिकमधली रसायनं बाहेर पडतात ती पृष्ठभागातून, पेशीला कण चिकटतो तो पृष्ठभागाने. वजन तेवढंच राहतं, बाकी सगळं बदलतं.

२०१७ साली चीनमधल्या संशोधकांनी स्केलेटोनेमावर केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. त्यांनी पीव्हीसीचे दोन आकार घेतले, एक मिलिमीटरचे आणि एक मायक्रोमीटरचे. मोठ्या दाण्यांनी शैवालाच्या वाढीवर काहीही परिणाम केला नाही. एक मायक्रोमीटरच्या कणांनी मात्र ९६ तासांत वाढ जास्तीत जास्त ३९.७ टक्क्यांनी रोखली. हरितद्रव्य घटलं आणि प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमताही उतरली.

ही कार्यक्षमता मोजायची रीत सुंदर आहे. हरितद्रव्य जेवढा प्रकाश शोषतं, त्यातला काही भाग अन्न बनवण्यात खर्ची पडतो आणि थोडा लाल प्रकाश म्हणून परत बाहेर टाकला जातो. पेशी काही वेळ अंधारात ठेवून तिच्यावर एक तीव्र झोत टाकायचा आणि ती लाल प्रकाश किती परत देते ते पाहायचं. निरोगी पेशीत हे गणित ठरलेलं असतं. यंत्रणा बिघडली की ते ढळतं. पेशीला न मारता, न फोडता, काही सेकंदांत तिची प्रकृती कळते.

बिघाड होतो कसा? सगळ्यात आधी सुचणारं उत्तर म्हणजे सावली: पाण्यात इतके कण तरंगत असतील तर शैवालापर्यंत ऊन पोचत नसेल. त्याच प्रयोगात हे वेगळं तपासलं गेलं आणि सावली हे मुख्य कारण नाही असं निघालं. पेशी आणि कण यांचा थेट संपर्कच घातक ठरत होता. कण पेशीच्या कवचाला चिकटतात आणि पेशी व कण मिळून गुठळ्या होतात. शैवालाच्या पेशीला लागणारा कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट हे सगळं तिच्या पृष्ठभागातूनच आत येतं. त्यामुळे पृष्ठभाग झाकला जाणं ही तिच्यासाठी किरकोळ गोष्ट नाही.

चिकटण्यामागे विद्युतभारही असतो. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) पॉलिस्टायरीनचे, म्हणजे थर्माकोल ज्यापासून बनतो त्या प्लॅस्टिकचे, कण क्लोरेला आणि सेनेडेस्मस या हिरव्या शैवालांसोबत ठेवले. पेशीभित्तिका ऋणभारित असते, त्यामुळे धनभारित कण तिला जास्त घट्ट चिकटले. प्रकाशसंश्लेषण मंदावलं आणि पेशीत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं वाढली. ही रूपं प्रत्येक पेशीत थोडी तयार होतच असतात, कारण सूर्यप्रकाश पकडण्याच्या उलाढालीत काही इलेक्ट्रॉन भलतीकडे निसटतात. पेशीकडे त्यांना निकामी करणारी विकरं (एन्झाइम) असतात. पण ती अपुरी पडली की पेशीपटल, प्रथिनं आणि खुद्द हरितद्रव्य बांधणारी यंत्रणा यांचीच मोडतोड सुरू होते. हे दोन्ही शैवाल गोड्या पाण्यातले, एवढं ध्यानात ठेवायला हवं. समुद्राच्या खारट पाण्यात क्षारांमुळे कणांवरचा विद्युतभार झाकला जातो आणि नॅनोकण लवकर एकमेकांना चिकटून मोठे होतात. तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा अरबी समुद्राला लावता येत नाही.

आणि सगळे प्रयोग एकाच दिशेने बोलत नाहीत. २०१६ साली नेदरलँड्समध्ये तीन शैवालांवर झालेल्या प्रयोगात पॉलिस्टायरीनच्या कणांनी प्रकाशसंश्लेषणावर फारसा परिणाम केलाच नाही. वाढ मात्र घटली, तीही सगळ्यात लहान कणांनी आणि सगळ्यात मोठ्या मात्रेला. २०१८ साली क्लोरेलावरच्या एका प्रयोगात शैवाल सुरुवातीला खचलं आणि मग सावरलं: पेशीभित्तिका जाड झाली, पेशी एकमेकींना चिकटून राहू लागल्या आणि प्रकाशसंश्लेषण परत वर आलं. मला यात विरोधाभास दिसत नाही. जाती वेगळ्या, प्लॅस्टिक वेगळं, आकार वेगळा, दिवस वेगळे. ‘प्लॅस्टिक शैवालाला मारतं’ हे वाक्य ‘औषधाने माणूस बरा होतो’ या वाक्याइतकंच अपुरं आहे. कुठलं, किती, कोणाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आतापर्यंत आपण कणाच्या स्पर्शाबद्दल बोललो. पण प्लॅस्टिक शैवालाला न शिवताही बाधू शकतं. बाजारातलं कुठलंही प्लॅस्टिक म्हणजे नुसतं पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांचा मूळ पदार्थ, नसतं. ते लवचिक करायला, रंगवायला, उन्हात टिकवायला, पेट घेऊ नये म्हणून त्यात अनेक रसायनं घातलेली असतात. ती पॉलिमरला पक्की बांधलेली नसतात, त्यामुळे पाण्यात हळूहळू झिरपतात. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली खरेदीच्या पिशव्या आणि पीव्हीसीचं मॅटिंग समुद्राच्या पाण्यात भिजवलं, प्लॅस्टिक गाळून काढलं आणि उरलेल्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकस वाढवला. त्याची वाढ मंदावली, ऑक्सिजननिर्मिती घटली आणि अनेक जनुकांचं काम बदललं. प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातला संख्येने सर्वाधिक प्रकाशसंश्लेषी जीव आहे, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा.

पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या आणि मोटारीच्या टायरच्या रबराच्या अर्काची तुलना झाली. त्यातही एक परीक्षार्थी स्केलेटोनेमाच होतं. सगळ्यात विषारी ठरला टायरचा अर्क. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी त्या मानाने निरुपद्रवी निघालं. आपल्या मनात समुद्रातलं प्लॅस्टिक म्हणजे बाटल्या आणि पिशव्या, कारण त्या डोळ्यांना दिसतात. टायर मात्र रस्त्यावर घासून जन्मतःच बारीक भुकटी होतात आणि पहिल्या पावसात गटारांतून थेट खाडीत उतरतात. मुंबईसारख्या शहरात वर्षभर साठलेली ही काळी धूळ जूनमध्ये समुद्रात जाते, नेमकी शैवालाच्या वाढीचा मोसम सुरू होताना.

यानंतरचा परिणाम मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि त्यात शैवाल मरावं लागत नाही.

शैवाल वाढताना चिकट साखरी द्रव्यं बाहेर सोडतं. त्यात मेलेल्या पेशी, प्राणिप्लवकांची विष्ठा आणि जिवाणू अडकून गोळे होतात आणि ते तळाकडे जाऊ लागतात. समुद्रशास्त्रात याला सागरी हिम म्हणतात. पृष्ठभागावर हवेतून घेतलेला कार्बन याच वाटेने खोल जातो आणि शेकडो वर्षं तिथेच राहू शकतो. आता त्या चिकट गोळ्यात प्लॅस्टिकचे कणही अडकतात. बहुतेक प्लॅस्टिक हलकं, शैवाल जड. मग दोघांचं एकत्र ओझं बुडेल की तरंगेल? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ साली हे पाहिलं. डायटमच्या गोळ्यांत पॉलिस्टायरीनचे दोन मायक्रोमीटरचे कण मिसळले तेव्हा गोळे बुडण्याचा वेग कमी झाला. दुसऱ्या एका शैवालाचे गोळे उलट जास्त वेगाने बुडू लागले. आणि एरवी दिवसाला मिलिमीटरच्या हिशेबात खाली जाणारे सुटे कण गोळ्यात अडकल्यावर दिवसाला शेकडो मीटर जाऊ लागले. म्हणजे शैवाल प्लॅस्टिकला समुद्राच्या तळाशी पोचवतं आणि त्या बदल्यात प्लॅस्टिक शैवालाचा बुडण्याचा वेग बिघडवतं. प्लॅस्टिक खाल्लेल्या कोपेपॉडांची (हे एक प्रकारचे प्राणिप्लवक) विष्ठाही हळू बुडते, हे ब्रिटनमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. हळू बुडालं की वाटेत कुजायला जास्त वेळ मिळतो आणि कार्बन खोल जाण्याआधीच पुन्हा पाण्यात मिसळतो.

अरबी समुद्रात याला आणखी एक पदर आहे. इथे साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. वरून येणारं सेंद्रिय द्रव्य कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपतो. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांच्या २०२१ सालच्या संगणकीय प्रतिमानात असं दिसलं, की प्राणिप्लवक शैवालाऐवजी प्लॅस्टिक खाऊ लागले तर न खाल्लेलं शैवाल जास्त उरतं, कुजतं आणि समुद्रातला ऑक्सिजन आणखी घटतो. हे प्रतिमान आहे, मोजमाप नाही. पण आधीच ऑक्सिजनच्या काठावर असलेल्या समुद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी ते दुर्लक्षू नये.

आता मात्रेचा प्रश्न. हा टाळून लिहिलेला लेख मी प्रामाणिक मानणार नाही. वर सांगितलेल्या चिनी प्रयोगात हरितद्रव्य घटलं ते लिटरला ५० मिलिग्रॅम पीव्हीसी असताना. एक मायक्रोमीटरचे कण धरले तर हिशेबाने एका लिटरमध्ये सुमारे सात हजार कोटी कण होतात. समुद्राच्या पाहण्यांत मात्र बहुतेक ठिकाणी घनमीटरमागे मूठभर कण सापडल्याचं लिहिलेलं असतं. या तफावतीवर बोट ठेवून काही जण म्हणतात, की सगळी भीती प्रयोगशाळेतलीच आहे.

पण त्या पाहण्या कशाने झाल्या ते पाहा. बोटीमागे ओढायची जाळी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर छिद्रांची असते. त्याहून लहान सगळं पाण्याबरोबर निघून जातं. प्रयोग सांगतात की एक मिलिमीटरचा दाणा शैवालाला काही करत नाही आणि एक मायक्रोमीटरचा कण करतो. आणि समुद्रात आपण मोजत आलो ते नेमके निरुपद्रवी आकार.

ही पोकळी भरायला नुकती कुठे सुरुवात झाली आहे. नेदरलँड्सच्या ‘पेलाजिया’ या संशोधन नौकेवरून उत्तर अटलांटिकमधल्या १२ ठिकाणांहून आणलेलं पाणी एक मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून, तापवून, निघणाऱ्या वायूंचे रेणू ओळखून नॅनोप्लॅस्टिक मोजलं गेलं. २०२५ साली हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. वरच्या थरात घनमीटरमागे सरासरी सुमारे १८ मिलिग्रॅम नॅनोप्लॅस्टिक होतं, आणि त्या पट्ट्यापुरता अंदाज निघाला २ कोटी ७० लाख टनांचा. सापडलेल्या प्रकारांत पीईटी, पॉलिस्टायरीन आणि तेच पीव्हीसी. ५० मिलिग्रॅम लिटरला म्हणजे घनमीटरला ५०,००० मिलिग्रॅम. अटलांटिकातली पातळी त्याच्या जवळपास अडीच-पावणेतीन हजारपट कमी आहे. हे अंतर मोठं आहे आणि ते दिलासा देणारं आहे. पण मूठभर कणांच्या नोंदींवरून आपण समजत होतो तेवढं अफाट ते नाही. शिवाय हे खुल्या महासागरातलं पाणी; शहराच्या नाल्यांना लागून असलेल्या खाड्यांचं नव्हे.

त्याच वर्षी नानजिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी १५७ अभ्यास एकत्र करून मांडलं, की मायक्रोप्लॅस्टिकमुळे वनस्पती आणि शैवालांचं प्रकाशसंश्लेषण ७ ते १२ टक्क्यांनी घटतं. वर्तमानपत्रांत तोच आकडा गाजला. पण त्याच निबंधात जगभरच्या पाण्यातल्या उत्पादकतेच्या नुकसानीचा अंदाज ०.३ ते ७.२ टक्के असा दिला होता. वरचं टोक खालच्या टोकाच्या वीसपटींहून मोठं असेल, तर त्याचा अर्थ संख्या अजून हाती आलेली नाही, एवढाच घ्यायला हवा. मला यात दिशा पटते, आकडा पटत नाही.

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गोळ्यांचे थर आले. गोव्याच्या किनाऱ्यांवर अशा गोळ्या पावसाळी वाऱ्यांबरोबर येतात, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासातही नोंदलेलं आहे. त्या वेचता येतात, आणि वेचायलाच हव्यात, पण शैवालाच्या कारणासाठी घाई वेगळी आहे. मिलिमीटरची गोळी आज स्केलेटोनेमाला काही करणार नाही. वाळूत पडून उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतील, पृष्ठभाग ठिसूळ होईल, लाटा आणि वाळू तो खरवडतील. एकदा ती मायक्रोमीटरपर्यंत आली की जगातलं कुठलंही यंत्र तिला समुद्रातून बाहेर काढू शकत नाही, कारण ज्या गाळणीत ती अडकेल त्याच गाळणीत शैवालही अडकेल.

राहिले ते प्रयोग, जे आता करायला हवेत. बहुतेक प्रयोग कारखान्यात बनलेल्या गोल, स्वच्छ, एकाच आकाराच्या मण्यांवर झाले. समुद्रातले तुकडे वेडेवाकडे, उन्हाने जुनाट आणि जिवाणूंच्या थराने माखलेले असतात. १९७२ साली सारगासो समुद्रातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर डायटम वाढलेले आढळले होते, म्हणजे काही जातींना प्लॅस्टिक आसराही देतं. बहुतेक प्रयोगांत एकच जात असते. समुद्रात शेकडो जाती एकाच नायट्रेटसाठी झगडत असतात, आणि एकीची वाढ दोन टक्के मंदावली तरी काही आठवड्यांत तिची जागा दुसरी घेते. एकूण हरितद्रव्य तेवढंच राहील, उपग्रहाला पाणी तितकंच हिरवं दिसेल, पण त्यात तारलीला लागणारं डायटम असेल की नाही हे त्यावरून कळणार नाही. आणि प्रयोग साधारण ९६ तासांत संपतो. तेवढ्या वेळात स्केलेटोनेमाच्या चार-पाच पिढ्या होतात. समुद्रातली मात्रा कमी असली तरी तिथे पिढ्या थांबत नाहीत. म्हणून घनमीटरला १८ मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा, जुनाट झालेले तुकडे, झुआरी किंवा ठाणे खाडीच्या पाण्यातल्या चार-सहा जाती एकत्र, आणि जून ते सप्टेंबर असा पूर्ण पावसाळा, एवढा एक प्रयोग झाला तर आज आपल्याकडे असलेल्या बऱ्याच आकड्यांपेक्षा तो जास्त सांगेल.